नऊ पानं आणि एक नाणं

४ ऑगस्ट २००२, रविवार. कानपूरच्या आयआयटीतल्या तिघांनी नऊ पानांचं एक टिपण देशोदेशींच्या पंधरा जाणकारांना ईमेलनं धाडलं. शीर्षक चार शब्दांचं: ‘प्राइम्स इज इन पी’. दिलेली संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीनं आणि झटपट सांगणारी रीत आपल्याला सापडली आहे, असा त्यात दावा होता. हा प्रश्न शतकानुशतकं नांदत आलेला. गाऊसनं १८०१ मध्येच आपल्या ग्रंथात तो गणितातल्या अगदी महत्त्वाच्या प्रश्नांत गणला होता.

त्याच संध्याकाळी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून जयकुमार राधाकृष्णन यांचं आणि चेन्नईहून व्ही. अरविंद यांचं अभिनंदन येऊन पोचलं. सोमवारी सकाळी अमेरिकेत, बेल लॅब्जमध्ये, कार्ल पोमरन्स यांनी टिपण उघडलं. मूळ संख्यांच्या अभ्यासात पोमरन्स म्हणजे बडं प्रस्थ. त्यांनी वाचलं, तपासलं, पटलं, आणि त्याच दिवशी दुपारी सहकाऱ्यांना गोळा करून त्यावर व्याख्यानही देऊन टाकलं. मंगळवारी टिपण सगळ्यांसाठी खुलं झालं. गुरुवारी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये बातमी होती.

गणितात असं होत नाही. अँड्र्यू वाइल्सनी १९९३ मध्ये फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता जाहीर केली, तेव्हा तिच्यात भोक निघालं आणि ते बुजवायला वर्षाहून जास्त काळ गेला. इथे चार दिवसांत निकाल. याला कारण टिपणाचा साधेपणा. बी. एससी.च्या हुशार विद्यार्थ्याला एका रविवारी वाचून समजेल असं ते होतं. लिहिणाऱ्यांपैकी दोघे, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, त्याच वर्षी बी. टेक. होऊन बाहेर पडलेले. तिसरे त्यांचे शिक्षक मणींद्र अग्रवाल, वय छत्तीस.

मराठी वाचकाला कानपूर म्हटलं की आधी ब्रह्मावर्त आठवतं: दुसऱ्या बाजीरावाचं हद्दपारीतलं बिठूर, नानासाहेब, सत्तावन्न साल. शहरातून त्या बिठूरकडे निघालं की कल्याणपूर लागतं, आणि तिथेच आयआयटीचा विस्तीर्ण परिसर. १९५९ साली संस्था सुरू झाली. पुढे १९६२ पासून दहा वर्षं नऊ अमेरिकी विद्यापीठांचं मंडळ तिच्या पाठीशी होतं, आणि त्याच योजनेतून १९६३ मध्ये आयबीएम १६२० हा संगणक कानपुरात उतरला. देशातल्या बहुतेक इंजिनीअरिंग कॉलेजांत तेव्हा स्लाइड रूल हेच गणनाचं हत्यार होतं. कानपुरात मात्र विद्यार्थी पंच कार्डांवर प्रोग्रॅम लिहू लागले. व्ही. राजारामन, एच. एन. महाबला यांनी तिथे शिकवलं; राजारामन यांच्या स्वस्त पाठ्यपुस्तकांवर तर देशभरातल्या दोन-तीन पिढ्या पोसल्या. नारायण मूर्ती १९६९ मध्ये इथूनच एम. टेक. झाले. पण ही सारी कीर्ती यंत्राची, प्रोग्रॅमची आणि पुढे नोकऱ्यांची. २००२ साली जे घडलं त्यात यंत्राचा वाटा नावापुरता होता. ते काम कागद, पेन आणि फळा यांचं.

प्रश्न समजायला सातवीचं गणित पुरेल. १ आणि ती स्वतः यांखेरीज जिला कशानं भाग जात नाही ती मूळ संख्या. ९१ मूळ आहे का? २, ३, ५ नी भागून पाहावं, जात नाही. ७ नी भागलं की १३ येतात, म्हणजे नाही. संख्येच्या वर्गमुळापर्यंत असे भाग देत गेलं की उत्तर मिळतं. ही रीत बिनचूक आहे, फक्त मोठ्या संख्येला तिचा काही उपयोग नाही. शंभर अंकी संख्या घेतली तर १ वर ५० शून्यं एवढ्या भागाकारांची तयारी ठेवावी लागेल. सेकंदाला शंभर कोटी भागाकार करणारं यंत्र विश्वाच्या जन्मापासून राबत असतं, तरी आज ते कामाच्या उंबरठ्यावरही नसतं.

‘झटपट’ या शब्दाला संगणकशास्त्रात नेमका अर्थ आहे. संख्येतले अंक दुप्पट झाले तर काम चौपट, आठपट, फार तर काही ठरावीक पट वाढावं. चक्रवाढ व्याजासारखं फुगू नये. ज्या प्रश्नांना अशी रीत आहे त्यांचा वर्ग म्हणजे ‘पी’. टिपणाच्या शीर्षकातला तो ‘पी’ हाच.

आता, झटपट रीत २००२ पूर्वी नव्हतीच असं नाही. होती, आणि चांगली चालत होती. फक्त तिच्यात नाणेफेक होती.

हा भाग जरा सावकाश पाहू. फर्मानं १६४० मध्ये लिहून ठेवलं होतं की, संख्या मूळ असेल तर कोणताही आकडा तिच्याइतक्या वेळा स्वतःशी गुणला आणि तिनं भागला, तर बाकी त्या घेतलेल्या आकड्याशी जुळते. बाकी जुळली नाही तर संख्या मूळ नाही, हे पक्कं. पण जुळली तर? तर काहीच पक्कं नाही, कारण ५६१ सारखे तोतये आहेत. ५६१ म्हणजे ३, ११ आणि १७ यांचा गुणाकार, तरी कोणताही आकडा घ्या, फर्माच्या कसोटीला ती हसत हसत उतरते. असे तोतये अगणित आहेत, हे १९९४ मध्ये सिद्ध झालं. सिद्ध करणाऱ्या तिघांत पोमरन्स होतेच. गॅरी मिलर यांनी १९७० च्या दशकात या कसोटीला धार लावली आणि पुढे मायकेल राबिन यांनी तिला नाणेफेकीचं रूप दिलं. मनाला येईल तो आकडा निवडा आणि कसोटी लावा. तोतया असेल तर तो निसटण्याची शक्यता एका खेपेला फार तर चारात एक. वीस खेपा केल्या की फसगतीची शक्यता लाख कोटींत एकाच्याही खाली जाते. बँकेच्या व्यवहारांना हे पुरतं. आजही तुमच्या मोबाइलला गुप्तलेखनासाठी मोठी मूळ संख्या लागते तेव्हा तो बहुधा याच वळणाची कसोटी लावतो.

मिलर यांच्या मूळ रीतीत नाणं नव्हतं, पण ती रीमानच्या गृहीतकाच्या एका विस्तारावर उभी होती, आणि ते गृहीतक कुणालाच सिद्ध करता आलेलं नाही. ॲडलमन, पोमरन्स आणि रुमली यांनी १९८३ मध्ये नाणं आणि गृहीतक दोन्ही टाळून एक रीत काढली. ती ‘पी’च्या कुंपणाला इतकी चिकटून होती की प्रत्यक्ष वापरात फरक कळू नये. पण ती कुंपणाबाहेरच होती. थोडक्यात, तीन गोष्टी हव्या होत्या: झटपट, बिनचूक आणि बिनशर्त. दोन मिळत, तिसरी निसटे.

मूळ संख्यांचे अभ्यासक या प्रश्नाला संख्या सिद्धांताच्या वाटेनं भिडत होते, आणि ती अवजड हत्यारांची वाट होती. कानपूरकर मात्र दुसऱ्याच दारातून आत शिरले. अग्रवाल आणि त्यांचे पीएच. डी.चे मार्गदर्शक सोमेनाथ बिस्वास हे कॉम्प्लेक्सिटी थिअरीतले, म्हणजे कुठल्या प्रश्नाला किती काम पडतं याचा अभ्यास करणारे. त्यांना मूळ संख्यांचं वेड नव्हतं. त्यांना नाण्याचं कुतूहल होतं. नाणं उडवून जे काम झटपट होतं, ते नाण्याशिवायही तितक्याच झटपट होईल का? या प्रश्नाची त्यांच्या शास्त्रातली ठरलेली तालीम म्हणजे दोन बहुपदी एकच आहेत का हे ओळखणं. कंस सोडवत बसलं तर पदांचा डोंगर होतो. नाणं उडवून क्षच्या जागी मनाला येईल ती किंमत घातली, की उत्तर बहुधा बरोबर येतं. हे ‘बहुधा’ कसं काढून टाकायचं?

१९९९ मध्ये दोघांनी एक निबंध मांडला. मूळ संख्या ओळखण्याचा प्रश्न हाही बहुपदी ओळखण्याचाच प्रश्न करून टाकता येतो, हा त्याचा गाभा. कसा, ते शाळेतल्या द्विपद विस्तारात दिसतं. (क्ष + १) चा पाचवा घात उलगडला की सहगुणक येतात १, ५, १०, १०, ५, १. दोन टोकं सोडली तर मधल्या प्रत्येकाला ५ नी भाग जातो. सातव्या घाताचे मधले सहगुणक ७, २१, ३५, ३५, २१, ७. सगळ्यांना ७ नी भाग जातो. सहाव्याचे पाहा: ६, १५, २०, १५, ६. पंधराला सहानं भाग जात नाही, वीसलाही नाही. हा नियम नेमका आहे, त्याला तोतये नाहीत. मूळ संख्येच्या ओळीत मधल्या सगळ्यांना तिनं भाग जातो, आणि मूळ नसलेल्या संख्येच्या ओळीत कुठे तरी एक जण अडतोच. पास्कलचा त्रिकोण म्हणा की आपल्याकडचा मेरुप्रस्तार म्हणा, मूळ संख्यांची खूण त्याच्या ओळींत उघड्यावर पडलेली आहे.

अडचण एकच. शंभर अंकी संख्येची ओळ लिहायची तर तिच्यात त्या संख्येइतकी पदं येणार. भागाकार परवडले!

अग्रवाल आणि बिस्वास यांनी ही ओळ दुमडली. सगळा विस्तार मांडण्याऐवजी त्याला एका छोट्या बहुपदीनं भागायचं आणि फक्त बाकी पाहायची. ही छोटी बहुपदी निवडायची नाणं उडवून. रीत सुंदर होती, पण राबिन यांच्या रीतीपेक्षा संथ. व्यवहारात तिला कुणी विचारलं नसतं. पण ज्यांना नाणं हटवायचं होतं, त्यांना तिच्यात एक गंमत दिसत होती. नाणं आता फक्त एकाच जागी उरलं होतं. छोटी बहुपदी कोणती घ्यायची, एवढंच ते ठरवत होतं.

इथून पुढचं काम झालं ते बी. टेक.च्या प्रोजेक्टांत. आपल्याकडे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं ते वाचकाला सांगायला नको. काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेला तो ग्रंथ तोंडी परीक्षेच्या दिवशी उघडतो आणि मग कायमचा मिटतो. कानपूरच्या विभागात त्या वर्षांत वेगळं घडलं. २००१ च्या एप्रिलमध्ये रजत भट्टाचार्जी आणि प्रशांत पांडे या दोन विद्यार्थ्यांनी असा विचार केला की, छोटी बहुपदी नाण्यावर न सोडता अगदी साधी घ्यावी: क्ष चा कुठला तरी घात, उणे १. यानं भागलं की घातांक घड्याळाच्या काट्यासारखे फिरू लागतात. बारा झाले की पुन्हा शून्यावर, तसं. ओळीत पदं कितीही असोत, बाकीत उरतात ती घड्याळावर जितके आकडे तितकीच. घड्याळ लहान असेल तर हिशेब झटपट. पण दुमडल्यावर तोतये पुन्हा शिरू शकतात, त्याचं काय? दोघांना आकडेमोडीतून असं दिसू लागलं की, घड्याळ जरा बेतानं निवडलं तर तोतये शिरत नाहीत. हे त्यांनी अंदाज म्हणून लिहून ठेवलं. सिद्धता नव्हती.

पुढच्या वर्षी हा धागा कयाल आणि सक्सेना यांनी उचलला. शाळेत असताना दोघेही १९९७ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडसाठी भारताच्या संघात होते. नंतर अनेकांसारखे तेही गणिताऐवजी कॉम्प्युटर सायन्सला गेले. पोटापाण्याचा हिशेब त्यात सोपा. त्यांनी तो अंदाज मोठ्या पल्ल्यापर्यंत यंत्रावर तपासून पाहिला (यंत्राचा नावापुरता वाटा म्हटलं तो हाच), आणि या कसोटीचं जुन्या कसोट्यांशी काय नातं आहे तेही खणून काढलं. रीमानवाल्या गृहीतकाचा टेकू दिला तर गाडं पुढे सरकत होतं, पण टेकू तर काढायचा होता. एप्रिल २००२ मध्ये दिलेल्या त्यांच्या प्रोजेक्टच्या नावातच ‘टुवर्ड्स’, म्हणजे ‘च्या दिशेनं’, असा शब्द आहे. मुक्काम आलेला नाही याची ती प्रामाणिक कबुली.

पदवी मिळाली. दोघे पीएच. डी.साठी कानपुरातच राहिले आणि त्या उन्हाळ्यात गाठ सुटली. सुटली ती काहीशी उलट बाजूनं ओढल्यामुळे. तोवर सगळा जोर एकच आकडा घेऊन योग्य घड्याळ शोधण्यावर होता. आता त्यांनी घड्याळ एकच ठेवलं आणि कसोटी अनेक आकड्यांवर चालवली: (क्ष + १), (क्ष + २), (क्ष + ३) असं करत ठरावीक संख्येपर्यंत. समजा एखादा तोतया या सगळ्यांतून सुटला. मग हे सगळे घटक एकमेकांशी हवे तसे गुणले, तरी येणारी बहुपदी कसोटीला उतरणारच. अशा गुणाकारांची संख्या अफाट वाढते. दुसऱ्या बाजूनं मोजलं, तर तोतयाला एवढ्या बहुपदींना पुरेल इतकी जागाच नसते. दोन मोजण्या एकमेकींना भिडतात आणि तोतया अडकतो. सिद्धतेचा सगळा जीव या दुहेरी मोजणीत आहे.

एक खिळा राहिला होता. घड्याळावरच्या आकड्यांची संख्या विशिष्ट जातीची हवी होती: ती मूळ असावी आणि तिच्यातून एक वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला एक मोठा मूळ विभाजक असावा. असं घड्याळ लहान आकड्यांतच सापडेल याची हमी कोण देणार? संख्या सिद्धांतातली ओळखीची एक अटकळ ही हमी देत होती, पण अटकळीवर उभं राहायचं तर मिलर यांचीच गोष्ट पुन्हा. शोधता शोधता हाती लागला फ्रेंच गणितज्ञ एतियेन फूव्री यांचा १९८५ चा निष्कर्ष. फर्माच्या शेवटच्या प्रमेयाचा एक भाग सर करताना वापरला गेलेला हा निष्कर्ष कानपूरच्या खिळ्याला बरोब्बर बसला. लहान घड्याळ सापडतंच, हे त्यातून बिनशर्त निघालं. नऊ पानं पुरी झाली.

गोष्ट इथे संपत नाही, कारण टिपण बाहेर पडल्यावर त्याची वेगळीच झडती सुरू झाली. काहींनी शंका काढल्या. गुरुवारी गणितज्ञ हेन्ड्रिक लेन्स्ट्रा यांनी निर्वाळा दिला की, एक सहज दुरुस्त होणारी चूक आणि काही किरकोळ गफलती सोडल्या तर काम खरं आहे. शुक्रवारी डॅन बर्नस्टाइन यांनी मुख्य प्रमेयाची सिद्धता एका पानात आणून दाखवली. पुढे लेन्स्ट्रा यांनी अशी दुरुस्ती सुचवली की फूव्रींच्या अवजड निष्कर्षाचीही गरज उरली नाही. ज्या खिळ्यासाठी एवढी शोधाशोध झाली, तोच खिळा उपटून फेकता आला आणि इमारत तशीच उभी. ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या गणितातल्या मातब्बर नियतकालिकात २००४ मध्ये निबंध छापून आला, तो या सुधारणा पोटात घेऊन, तेरा पानांचा.

वर्तमानपत्रांचा मात्र थोडा घोळ झाला. मूळ संख्या आणि इंटरनेटवरची गुप्तता यांचं नातं ऐकून असलेल्या काहींना वाटलं, आता कुलपं फुटणार. तसं काही नव्हतं. एखादी संख्या मूळ नाही हे कळणं वेगळं आणि तिचे तुकडे कोणते हे सापडणं वेगळं. कुलपं उभी आहेत ती दुसऱ्याच्या अवघडपणावर, आणि कानपूरची रीत संख्या मूळ नाही एवढंच सांगते, तुकड्यांबद्दल चकार शब्द काढत नाही.

आणखी एक गोष्ट बातम्यांत दबली. ही रीत वापरायला फार संथ आहे. पहिल्या टिपणात कामाची कमाल मर्यादा अंकांच्या बाराव्या घाताएवढी दिली होती. शंभर अंकी संख्या द्विमान पद्धतीत साधारण ३३२ अंकी होते, आणि ३३२ चा बारावा घात म्हणजे १ वर ३० शून्यं. सेकंदाला शंभर कोटीच्या वेगानंही विश्वाचं वय त्याला अपुरं पडेल. मर्यादा ती मर्यादा, प्रत्यक्षात काम पुष्कळच लवकर होतं. पुढे लेन्स्ट्रा आणि पोमरन्स यांनी घात सहावर आणला, आणि तोच ढोबळ हिशेब पंधरवड्यावर आला. पण राबिन यांचं नाणं ते काम डोळ्याचं पातं लवण्याआधी उरकतं. तेव्हा मोबाइल अजून नाणंच उडवतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

मग एवढा गाजावाजा कशाचा? अग्रवालांना २००२ चा क्ले संशोधन पुरस्कार, तिघांना २००६ मध्ये गोडेल पारितोषिक आणि त्याच वर्षी फुल्कर्सन पारितोषिक, हे काय मोबाइलसाठी मिळालं? ज्यांना नाण्याचं कुतूहल होतं त्यांच्यासाठी ही मोठी साक्ष होती. नाणं लागतंच असं वर्षानुवर्षं वाटत आलेल्या एका ठळक प्रश्नातून ते साफ काढून टाकता आलं. ज्या तालमीतून हा पैलवान निघाला तो बहुपदी ओळखण्याचा सर्वसाधारण प्रश्न मात्र अजून तसाच आहे. तिथे नाणं कुणाला हटवता आलेलं नाही. कयाल आणि सक्सेना दोघेही पीएच. डी. झाले आणि पुढची बरीच वर्षं त्याच प्रश्नाच्या आसपास राहिले, कयाल बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये, सक्सेना युरोपात काही वर्षं काढून पुन्हा कानपुरात. अग्रवाल २०२४ मध्ये त्याच आयआयटीचे संचालक झाले.

भट्टाचार्जी आणि पांडे यांच्या २००१ च्या रिपोर्टातला तो अंदाज खरा निघाला, तर कामाची मर्यादा अंकांच्या तिसऱ्या घाताजवळ येईल, म्हणजे रीत खरोखरच व्यवहारात उतरवण्याजोगी होईल. लेन्स्ट्रा आणि पोमरन्स यांचा तर्क सांगतो की तो खोटा असावा आणि त्याला खोटं पाडणाऱ्या संख्या पुष्कळ असाव्यात, फक्त फार मोठ्या. पहिली अजून कुणाच्या हाती लागलेली नाही.